लग्नाचा फोटोग्राफर : आधी माणूस, मग ड्रोन

पिंपळनेरच्या उपबाजारात उन्हाळ कांदा उतरू लागला की साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात घराघरांत लग्नाच्या हिशोबाची वही उघडते. कांद्याला भाव लागला तर बस्ता मोठा, नाही लागला तर पंगतीतला एक पदार्थ कमी, असा हा सरळ व्यवहार असतो. मंगल कार्यालय, मंडप, आचारी, बँड किंवा डीजे, पत्रिका, सोने, मानपानाचे कपडे हे सगळे वहीत आधी चढते. फोटो आणि शूटिंगचा आकडा बहुधा शेवटी येतो, आणि तोही एखादा चुलतभाऊ परस्पर ठरवून आलेला असतो. ‘ओळखीचा आहे, पॅकेज घेऊन टाकलं,’ एवढ्यावर विषय संपतो.

पंगत त्याच दिवशी उठते, मंडप दुसऱ्या दिवशी सुटतो. वहीतल्या ज्या खर्चातून पुढची पन्नास वर्षे घरात काहीतरी उरणार आहे, त्याचा विचार मात्र सगळ्यात घाईने होतो. वर त्या घाईत पैसाही चुकीच्या गोष्टींवर जातो. ड्रोन, क्रेन, एलईडी भिंत आणि जाडजूड अल्बम यांची यादी पाहून पॅकेज ठरते. कॅमेरा नेमका कोणाच्या हातात असणार, तो हळदीला किती वाजता येणार आणि काढलेले सगळे फोटो नंतर घरच्यांना मिळणार की नाही, हे विचारायचे राहून जाते. खानदेशातल्या मध्यमवर्गीय आणि शेतकरी कुटुंबांनी हा क्रम उलटा करायला हवा.

एक उदाहरण धरू. समजा एका घराने या कामासाठी ६०,००० रुपये बाजूला काढले. दर गावोगाव वेगळे असतात, तिथीच्या गर्दीप्रमाणे बदलतात, त्यामुळे आकडा महत्त्वाचा नाही, वाटणी महत्त्वाची. यातला निम्मा पैसा माणसांवर जावा : एक फोटो काढणारा, एक शूटिंग करणारा, हळदीचा आणि लग्नाचा असे दोन पूर्ण दिवस. मग पूर्ण लांबीच्या व्हिडिओच्या एडिटिंगचा वाटा. त्यानंतर पंचवीस शीटचा एक नीट छापलेला अल्बम. चार-पाच हजार रुपये स्वतःच्या हार्ड डिस्कसाठी वेगळे. यातून उरले तर ड्रोन. प्रत्यक्षात अनेक पॅकेजांत याच्या नेमके उलटे घडते. ड्रोन, टीझर, रील आणि चाळीस-पन्नास शीटचा अल्बम यांनी कागद भरतो, आणि त्यांचा खर्च भागवायला हळदीला एकच नवखा मुलगा कॅमेरा घेऊन पाठवला जातो.

चाळीस शीट म्हणजे ऐंशी पाने. पानाला तीन-चार फोटो धरले तरी अडीच-तीनशे फोटो झाले. एवढे फोटो भरायचे तर तोच हार, तेच हसू, तोच स्टेज दहा-दहा वेळा येतो. पंचवीस शीटचा अल्बम पाहुणे शेवटपर्यंत बघतात. पन्नास शीटचा अल्बम विसाव्या पानाला पुढच्याच्या मांडीवर सरकतो.

रोलच्या जमान्यात ही निवड कॅमेऱ्यातच व्हायची. छोट्या फिल्मच्या रोलवर ३६ फोटो, मोठ्या चौकोनी फिल्मवर १२. सरकारी मालकीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी १९६० साली स्थापन झाली आणि तिचे ‘इंदू’ रोल ऊटीच्या कारखान्यातून देशभर जाऊ लागले, तरी प्रत्येक क्लिकला पैसे मोजावे लागतच होते. त्यामुळे तालुक्याचा फोटोग्राफर आधी घरच्या कर्त्या माणसाला विचारायचा, ‘कोणाकोणाचे घ्यायचे?’ आणि कर्ता माणूस नावे सांगायचा : आजी, थोरले काका, मामा, आत्या, व्याही. आज एका लग्नात तीन-चार हजार फोटो सहज निघतात. पण तो प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून तीन हजारांत आजीचा धड एक फोटो सापडत नाही. उपाय बिनपैशाचा आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी ज्यांचा फोटो हवाच अशा वीस-पंचवीस माणसांची यादी लिहून फोटोग्राफरला द्यावी आणि त्या माणसांना ओळखणारा घरातला एक तरुण त्याच्यासोबत ठेवावा. म्हाताऱ्या माणसांचे फोटो सकाळीच घ्यावेत. दुपारपर्यंत त्यांचे लुगडे-धोतर घामाने भिजलेले असते, आणि जेवून ती एखाद्या खोलीत आडवी झालेली असतात.

दुपारचा मुद्दा खानदेशात फार मोलाचा आहे. आखाजीच्या आगेमागे आणि पुढे वैशाखभर इथे लग्नांची दाटी असते, आणि धुळे-जळगावचा पारा ४३ अंशांच्या वर जातो. साडेबाराचा मुहूर्त, डोक्यावर ऊन आणि त्या उन्हाखाली लाल, गुलाबी, पिवळ्या कापडाचा मंडप. त्या कापडातून गाळून आलेला प्रकाश माणसांच्या चेहऱ्यावर तोच रंग पाडतो. लाल कापडाखाली सगळ्यांचे चेहरे भाजल्यासारखे दिसतात, हिरव्याखाली आजारी. त्यात स्टेजवर जांभळे एलईडी दिवे लावलेले असले तर नवरीचा एक गाल लाल आणि दुसरा जांभळा येतो. हे मागाहून कॉम्प्युटरवर पूर्ण निघत नाही, कारण एक रंग काढायला गेले की दुसरा वाढतो. मंडपवाल्याला एवढेच सांगायचे की बोहल्याच्या वर आणि नवरदेव-नवरीच्या समोरच्या बाजूला पांढरे कापड लाव. तेवढ्याने साध्या कॅमेऱ्यातले फोटोही उजळतात. दर ठरवायला बसलेला फोटोग्राफर स्वतःहून मंडपाच्या कापडाचा रंग विचारत असेल, मुहूर्ताची वेळ विचारत असेल, बोहले कोणत्या दिशेला आहे हे विचारत असेल, तर तो कामाचा माणूस आहे असे खुशाल समजावे. फक्त कॅमेऱ्याची किंमत सांगणाऱ्याबद्दल तसे म्हणता येत नाही.

माणूस पारखायचा कसा? दुकानातल्या टीव्हीवर किंवा मोबाइलवर दाखवतात तो तीन मिनिटांचा हायलाइट व्हिडिओ पाहून नव्हे. तीन मिनिटांसाठी कोणत्याही लग्नातून चांगली दृश्ये निघतात. एका लग्नाचे सगळे फोटो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बघायला मागावेत. तेही आपल्यासारख्याच लग्नाचे : उन्हाळ्यातले, गावातल्या मंडपातले, हजार माणसांच्या गर्दीतले. एखाद्या रिसॉर्टवरच्या संध्याकाळच्या लग्नाचे फोटो सुंदर असतात, पण त्यावरून वैशाखातल्या दुपारी त्या माणसाचा हात कसा चालतो ते कळत नाही. पाठवणीचे फोटो जरूर पाहावेत. दिवसभर उभे राहून थकलेला फोटोग्राफर शेवटच्या तासाला कसे काम करतो हे तिथे दिसते.

दुसरी खात्री माणसाच्या नावाची. दाट तिथीच्या दिवशी एकाच स्टुडिओकडे तीन-चार लग्नांच्या ऑर्डरी असतात. मालक एका ठिकाणी जातो, बाकीच्या ठिकाणी रोजावर आणलेली मुले जातात. यात चोरी नाही, हंगामी धंद्याची ती गरज आहे. सहा महिने हाताला काम नसते, दोन महिन्यांत वर्षाची कमाई करायची असते. पण नमुना मालकाच्या हातचा दाखवायचा आणि लग्नाला दुसऱ्याला पाठवायचे, हे ग्राहकाला आधी कळायला हवे. म्हणून पावतीवर ‘फोटो कोण काढणार’ या माणसाचे नाव लिहून घ्यावे आणि त्याच माणसाच्या कामाचा नमुना पाहावा. रोजावर आलेला मुलगा कधी मालकापेक्षा सरस निघतो, पण तेही नमुना पाहिल्यावरच कळेल.

आणखी एक जुनी सवय मोडायला हवी. नवरदेवाकडचा फोटोग्राफर वेगळा आणि नवरीकडचा वेगळा. मंगलाष्टके सुरू होतात तेव्हा अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना मिळून चार-पाच कॅमेरे, दोन लाइट आणि त्यांच्या वायरी धरणारी मुले उभी असतात. ज्यांना अक्षता टाकायला बोलावले त्या वऱ्हाडाला समोर फक्त फोटोग्राफरांच्या पाठी दिसतात. प्रत्येक फोटोत समोरच्या टोळीचा कॅमेरा येतो, आणि नवरा-नवरीला कुठे बघायचे ते कळत नाही. खर्च दुप्पट करून काम निम्मे होते. हळद दोन गावांत वेगळी असते, तिथे दोन माणसे हवीत, हे बरोबर. लग्नाच्या दिवशी मात्र दोन्ही व्याह्यांनी मिळून एकच टोळी ठरवावी, खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यावा आणि फोटोंची प्रत दोन्ही घरांना मिळावी. साखरपुड्यात मानपानाच्या याद्या होतात तेव्हाच हे बोलता येते. मानपानाच्या कपड्यांवर तासभर बोलणी होतात, तिथे या विषयाला दहा मिनिटे देता येतील.

धुळे, नाशिक किंवा सुरतेहून फोटोग्राफर आणला की काम चांगलेच होणार, हा समजही तपासून पाहावा. बाहेरच्या टोळीचा प्रवास, मुक्काम आणि जेवण दरात धरलेले असते. शिवाय कौशल्याचा मक्ता मोठ्या शहराकडे कधीच नव्हता, याचा दाखला खानदेशातच आहे. केकी मूस (१९१२–१९८९) यांचा जन्म मुंबईचा, शिक्षण मुंबईचे आणि विलायतेचे, पण आयुष्य गेले चाळीसगावात. स्टेशनजवळच्या घरातून ते कित्येक दशके फारसे बाहेर पडले नाहीत. पंजाब मेलने येणाऱ्या आपल्या प्रेयसीची ते रोज वाट पाहत, ही कहाणी चाळीसगावात आजही सांगतात. छायाचित्रकार म्हणून त्यांचे मोठेपण त्या कहाणीहून वेगळे आहे. टेबलावर मांडलेल्या साध्या घरगुती वस्तू आणि प्रकाशाची नेमकी योजना यांतून त्यांनी जी ‘टेबलटॉप’ छायाचित्रे घडवली, त्यांना देशोदेशीची पारितोषिके मिळाली. त्यांचे घर आज संग्रहालय म्हणून जपलेले आहे. पिंपळनेरच्या किंवा साक्रीच्या तरुण फोटोग्राफरांनी हंगाम संपल्यावर एक दिवस तिथे घालवला, तर कोणत्याही महागड्या लेन्सपेक्षा जास्त मिळेल. आणि मुला-मुलीचे लग्न ठरवणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे की प्रकाश समजणारा माणूस तालुक्याच्या गावात असू शकतो.

स्थानिक माणसाच्या बाजूने दुसरे कारण आहे, आणि ते जास्त वजनदार आहे. त्याला विधी माहीत असतात. देवक केव्हा बसणार, नवरदेवाला मारुतीच्या पारावर केव्हा नेणार, मामा नवरीला कुठल्या बाजूने आणणार, कानपिळी केव्हा होणार, सूनमुख पाहताना सासू कुठे बसणार, हे ज्याला आधीच ठाऊक असते तो दोन पावले पुढे जाऊन उभा राहतो. बाहेरचा माणूस गडबड ऐकून धावत येतो, तोवर विधी होऊन गेलेला असतो, आणि मग ‘परत एकदा करा’ अशी मागणी सुरू होते. दुसऱ्यांदा ओढलेला कान फोटोत लगेच ओळखू येतो. अहिराणीत बोलणारा माणूस असेल तर म्हाताऱ्या बायाही मोकळ्या होतात. ‘आठे देख वं, माय’ म्हटल्यावर आजीचा चेहरा जसा खुलतो, तसा ‘स्माइल प्लीज’ने खुलत नाही.

पिंपळनेरच्या पश्चिमेला कोकणी, भिल्ल, मावची आदिवासी वस्ती आहे. तिथल्या लग्नाचा क्रम, मानकरी, वाद्ये आणि नाच वेगळे असतात. वरमाला, सप्तपदी, पाठवणी अशा ठरीव साच्यातून आलेली टोळी तिथे गोंधळून जाते. जे तिच्या साच्यात बसत नाही ते टिपले जात नाही, आणि तासन्‌तास चाललेल्या नाचाला व्हिडिओत अर्धे मिनिट मिळते. त्या पाड्यांतले, त्याच समाजातले तरुण आता कॅमेरे घेऊन या धंद्यात उतरत आहेत. त्यांच्याकडे यंत्रे कमी असतील, तरी काम त्यांना द्यावे. आपल्या लग्नात महत्त्वाचे काय, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

आवाजाची गोष्ट तर याहून जिव्हाळ्याची आहे, आणि पॅकेज ठरवताना तिचा उल्लेखही होत नाही. हळदीच्या आदल्या रात्री, मांडवाच्या दिवशी, जात्याशी आणि उखळाशी म्हाताऱ्या बाया अहिराणी गाणी म्हणतात. एकीने ओळ धरायची, दुसऱ्यांनी उचलायची, मध्येच व्याहीण-व्याह्यांची नावे घालून टिंगल करायची. ही गाणी कुठे छापलेली नाहीत, प्रत्येक गावाची वेगळी आहेत, आणि म्हणणाऱ्या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. शूटिंगवाला त्यांचे चेहरे टिपतो. एडिटिंगमध्ये मात्र त्यांचा आवाज पूर्ण काढून टाकतो आणि वर एखादे हिंदी सिनेमाचे गाणे चढवतो. घरात आजीचा गाणारा चेहरा उरतो, गाणे जाते. पुढे तो व्हिडिओ यूट्यूबवर टाकला तर ते हिंदी गाणे दुसऱ्याच्या मालकीचे म्हणून आवाज बंद होण्याचीही शक्यता असते.

ज्या मातीत बहिणाबाई चौधरी झाल्या, तिथे हे व्हावे याचे फार वाईट वाटते. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात काम करताना त्यांनी रचलेल्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने कागदावर उतरवून घेतल्या, म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तक निघाले आणि महाराष्ट्राला त्या मिळाल्या. कोणीतरी शेजारी बसून लिहून घेतले, एवढ्यानेच ते धन वाचले. आज प्रत्येक लग्नघरात पैसे देऊन आणलेला माणूस त्याच कामाची साधने घेऊन उभा असतो. त्याला फक्त दोन वाक्ये सांगायची असतात : हळदीची गाणी मूळ आवाजात, न कापता, वेगळ्या फाइलमध्ये द्या. आणि मंगलाष्टकांवर सिनेमाचे गाणे चढवू नका. शंभर-दोनशे रुपयांचा कॉलर माइक एका आजीच्या पदराला लावला तरी डीजेच्या गोंगाटात तिचा आवाज वेगळा राहतो. साऱ्या बजेटमध्ये इतक्या कमी पैशांत इतके मोठे काम दुसरे नाही.

प्री-वेडिंगवरून सध्या गावोगाव वाद आहेत. अनेक समाजांच्या बैठकांत ते बंद करण्याचे ठराव होतात. डिसेंबर २०१९ मध्ये भोपाळच्या गुजराती, जैन आणि सिंधी समाजसंस्थांनी अशी बंदी घातली तेव्हा तिची देशभर चर्चा झाली होती. दोन सज्ञान माणसांनी लग्नाआधी एकत्र फोटो काढावेत की नाही, हे समाजाच्या बैठकीने ठरवू नये. पण पैशाच्या बाजूने पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट आहे. सापुतारा किंवा मांगीतुंगीच्या डोंगरात एक दिवस घालवायला जो खर्च येतो, तो बहुतेक पॅकेजांत हळदीच्या दिवसातून कापलेला असतो. दोन्ही परवडत असेल तर दोन्ही करावे. एकच परवडत असेल तर हळद निवडावी, कारण डोंगर पुढच्या वर्षीही तिथेच असतील आणि आजोबांचे तसे सांगता येत नाही. आणि लाटीपाडा धरणाच्या भिंतीवर, सांडव्यावर किंवा पाण्याच्या कडेला उभे राहून फोटो काढायचा हट्ट फोटोग्राफरनेही धरू नये, नवरदेवानेही.

ड्रोनबद्दल थोडे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागते. तसे प्रमाणपत्र आहे का, हे विचारावे. गर्दीच्या डोक्यावर, घोडीजवळ आणि फटाक्यांच्या धुरात ड्रोन उडवू देऊ नये. वरातीचे वरून दिसणारे दृश्य वीस सेकंद छान दिसते, त्यात कोणाचाही चेहरा ओळखू येत नाही.

आता कागदाचा मुद्दा. या धंद्यात अजून ओळखीवर, तोंडी आणि बुकिंगला दिलेल्या दोन-पाच हजारांवर सगळे चालते. कोरोनाने या तोंडी व्यवहाराची किंमत दाखवून दिली. २२ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात लग्न २५ माणसांत आणि दोन तासांत उरकायचे, नाहीतर ५०,००० रुपये दंड, असा आदेश होता. ऐन हंगामात तारखा हलल्या, लग्ने घरातच झाली, आणि दिलेल्या ॲडव्हान्सचे काय करायचे हे कुठेच लिहिलेले नसल्याने नात्यातले लोकही एकमेकांशी बोलेनासे झाले. अर्ध्या पानाचा कागद पुरतो. तारखा आणि वेळा. कोण येणार. काय-काय मिळणार : फोटो, पूर्ण व्हिडिओ, अल्बमच्या शीट किती. केव्हा मिळणार, दिवस धरून. पैसे किती टप्प्यांत. तारीख बदलली किंवा घरात दुःखद प्रसंग झाला तर ॲडव्हान्सचे काय. दोघांच्या सह्या, दोघांकडे एकेक प्रत. नातेवाईक फोटोग्राफर असेल तर हा कागद जास्तच हवा.

मालकीबाबत कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ नुसार, पैसे देऊन एखाद्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा आणि बनवलेल्या फिल्मचा पहिला मालक तो सांगणारा असतो, उलट करार केलेला नसेल तर. म्हणजे लग्नाच्या फोटोंचा कॉपीराइट लग्नघराचा. छापील पावतीच्या मागे बारीक अक्षरात वेगळे काही लिहिलेले असेल तर सही करण्याआधी ते वाचावे. फोटोग्राफरला स्वतःच्या जाहिरातीसाठी फोटो हवे असणे स्वाभाविक आहे, पण त्याने विचारून घ्यावेत. विशेषतः हळदीत भिजलेल्या, नाचणाऱ्या मुलींची रील घरच्यांना न विचारता इन्स्टाग्रामवर जाऊ नये, हे कागदावर एका ओळीत लिहावे. त्या मुलींपैकी काहींची लग्ने अजून ठरायची असतात, काहींची नोकरी असते, आणि आपला चेहरा कुठे दिसावा हे ठरवण्याचा हक्क तर सगळ्यांचाच असतो.

काम फसलेच, फोटो मिळालेच नाहीत, पैसे घेऊन माणूस फिरकलाच नाही, तर भांडत बसण्याची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे साक्री तालुक्यातल्या माणसाला धुळ्यात. मुदत दोन वर्षांची. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर बऱ्याचदा तेवढ्यानेही मार्ग निघतो. अर्थात पुरावा म्हणून तो अर्ध्या पानाचा कागद आणि ऑनलाइन दिलेल्या पैशाची नोंद असायला हवी.

जपणुकीचा हिशोब तर करूनच ठेवावा. फोर-के व्हिडिओ १०० मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने टिपला तर एका तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते. दोन कॅमेरे, हळद आणि लग्न मिळून आठ तास धरले तर सातशे जीबीच्या वर. जो ६४ जीबीचा पेनड्राइव्ह डबीत घालून दिला जातो, त्यात यातला दीड तासही मावत नाही. म्हणजे घरी येते ते कापलेले, दाबलेले रूप, आणि मूळ फाइली स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर राहतात. पुढच्या हंगामाला जागा हवी म्हणून त्या पुसल्या जातात. यात स्टुडिओचा दोष नाही, त्याने किती घरांची लग्ने किती वर्षे सांभाळायची? घरच्यांनी स्वतःची एक टीबीची हार्ड डिस्क विकत घेऊन लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या हातात द्यावी आणि सगळे मूळ फोटो-व्हिडिओ उतरवून घ्यावेत. एक प्रत दुसऱ्या गावात राहणाऱ्या भावाकडे ठेवावी. फोटोग्राफरला बुकिंगच्या वेळी हेही विचारावे की त्याचा कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवतो का. एक कार्ड बिघडले तरी लग्न वाचते.

ज्यांची लग्ने ऐंशी-नव्वदच्या दशकात झाली त्यांच्या कपाटात अजून लग्नाची कॅसेट असते. ती चालवायचे यंत्र बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवले. खानदेशातला उन्हाळा आणि पावसाळ्यातली दमट हवा चुंबकीय फितीला मानवत नाही. मुलाच्या लग्नाच्या बजेटमध्ये थोडे पैसे आई-वडिलांच्या कॅसेटचे डिजिटल करून घेण्यासाठी ठेवावेत. स्टुडिओवाल्यांकडे ही सोय असते किंवा ते करून आणून देतात. त्या कॅसेटमध्ये आज हयात नसलेली अर्धी भावकी चालते-बोलते.

फोटोग्राफरच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण त्याची अडवणूक कमी होत नाही. पहाटे पाचला निघून रात्री बाराला परतणाऱ्या टोळीला पंगतीत कोणी बसवत नाही. मुहूर्तानंतर स्टेजवर आहेरासाठी रांग लागते ती तीन तास हलत नाही, आणि त्या उन्हात लाइट धरणारा मुलगा पाणीही न पिता उभा असतो. त्यांच्या जेवणाची वेळ घरातल्या एका माणसावर सोपवावी. दुसरी अडचण अल्बमची. ‘सहा महिने झाले, अल्बम दिला नाही’ अशी तक्रार घराघरात ऐकू येते. पण फोटो निवडून द्यायचे काम घरच्यांचे असते, आणि सून माहेरी, मुलगा पुण्याला, अशात ती निवड महिनोन्‌महिने पडून राहते. कागदावर दोन्ही मुदती लिहाव्यात : फोटो मिळाल्यापासून तीस दिवसांत घरचे निवड देतील, निवड मिळाल्यापासून पंचेचाळीस दिवसांत स्टुडिओ अल्बम देईल. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विवाह नोंदणी करताना लग्नाचा फोटो मागतात, त्यासाठी चार-पाच फोटो दोन दिवसांत घ्यावेत.

शेवटच्या हप्त्याचे पैसे अडकवून ठेवणे ही या भागातली जुनी खोड आहे. कांद्याचे भाव पडले की सगळ्यात आधी फोटोवाल्याचे पैसे थांबतात, कारण तो गावातलाच असतो आणि मोठ्याने मागत नाही. रक्कम चार टप्प्यांत ठरवावी : थोडी बुकिंगला, मोठा भाग लग्नाच्या दिवशी टोळी निघण्याआधी, काही मूळ फाइली हातात आल्यावर आणि उरलेली अल्बम घेताना. कांद्याच्या पट्टीचे पैसे उशिरा येणार असतील तर तसे बुकिंगलाच सांगून शेवटच्या हप्त्याची तारीख पुढची धरावी. तुळशीचे लग्न झाले की हंगाम सुरू होतो, चांगल्या माणसांच्या वैशाखातल्या तारखा त्याच सुमारास भरू लागतात. त्यामुळे वैशाखात कार्य असणाऱ्या घरांनी दिवाळीच्या सुटीतच दोन-तीन स्टुडिओत जाऊन एकेका लग्नाचे सगळे फोटो पाहून घ्यावेत.